वऱ्हाडची मुलगी, वऱ्हाडाविना : बर्फातल्या लग्नाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीत आम्ही उत्तराखंडातल्या त्रियुगीनारायणला लग्न केलं. सहा माणसं, एक गाडी आणि नडगीपर्यंत बर्फ. तेव्हापासून फोनवर, हळदीकुंकवात, ऑफिसच्या लिफ्टमध्ये तेच ते प्रश्न येतात. काही कौतुकाचे, काही टोमणे आणि काही खरोखर कामाचे, कारण विचारणाऱ्यांना स्वतःला असं लग्न करायचं असतं. सगळ्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवते.

म्हणजे तुम्ही पळून जाऊन लग्न केलंत?

नाही. पळून जाणाऱ्यांना घरून मेथीच्या वड्यांचा डबा मिळत नाही, आम्हाला दोन मिळाले. मराठीत 'पळून जाऊन लग्न' म्हटलं की पाठीमागे चिडलेला मामा दिसतो. आमच्या मागे कोणी नव्हतं. दोघांच्याही घरी माहीत होतं, दोघांच्याही घरून होकार होता. चारशे पानांची पंगत आणि मानपानाच्या याद्या नकोत, एवढंच आम्ही ठरवलं.

तरी पळून जाण्याची हौसच असेल, तर माझ्या माहेराइतकं चांगलं माहेर नाही. मी अमरावतीची. रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर आमच्याच जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी. कृष्णाने तिला अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून नेलं, असं आमच्याकडे सांगतात. निरोप तिनेच धाडला होता, हे विसरू नका. पुढे याच रुक्मिणीचा नातू अनिरुद्ध. त्याला तर उषेच्या सखीने, चित्रलेखेने, झोपेतच उचलून नेलं. ते लग्न लागलं ऊखीमठला, असं तिथले लोक मानतात, आणि ऊखीमठ आमच्या वाटेवरच्या गुप्तकाशीसमोर, मंदाकिनीच्या पलीकडच्या काठावर आहे. आजीने निरोप पाठवून नवरा बोलावला, नातसुनेने नवराच पळवून आणवला. या हिशेबात आमचं लग्न फारच सोवळं.

त्रियुगीनारायणच का? मनालीला हॉटेलं बरी आहेत.

हॉटेलं बरी आहेत, कबूल. पण आईची एकच अट होती : लग्न देवाच्या दारात लागलं पाहिजे. आमची अट होती बर्फाची. दोन्ही जिथे जमेल अशा जागा थोड्या. केदारनाथचे दरवाजे भाऊबीजेला बंद होतात, उत्सवमूर्ती सहा महिन्यांसाठी ऊखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. तुंगनाथही हिवाळ्यात बंद. त्रियुगीनारायण मात्र बारा महिने उघडं. उंची साधारण १,९८० मीटर, म्हणजे बर्फ पडण्याइतकं वर आणि श्वास लागणार नाही इतकं खाली.

शिवपार्वतीचं लग्न इथे लागलं अशी श्रद्धा आहे. मंदिर मात्र विष्णूचं, कारण त्या लग्नात विष्णू पार्वतीचा भाऊ म्हणून उभा राहिला. भटजी ब्रह्मदेव. देवळासमोर ब्रह्मशिला दाखवतात, लग्नाची जागा नेमकी ती. आत जी धुनी जळते तिला अखंड म्हणतात, तीन युगं चाललेली, म्हणून त्रियुगी. येणारा प्रत्येक जण तिच्यात एक लाकूड घालतो आणि चिमूटभर राख घेऊन जातो.

तिथे लग्न लागलं की ते कायदेशीर होतं का?

हा खरा कामाचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यात कमी लोकांनी विचारला.

दोन वाटा आहेत. दोघंही हिंदू असतील, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, दोघांपैकी कोणाच्याही रीतीने विधी झाले की लग्न लागतं. त्या रीतीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला ते पूर्ण होतं. मग नोंदणी करायची. विधी खरोखर झाले पाहिजेत. नुसतं प्रमाणपत्र असणं म्हणजे हिंदू विवाह नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे 'फोटोपुरते दोन फेरे मारू' हा विचार डोक्यातून काढा. महाराष्ट्रात नोंदणी करणार असाल तर अर्जावर पुरोहितांची सही लागते. तो कागद घरून छापून न्या आणि तिथेच सही घ्या. एका सहीसाठी पुन्हा मंदाकिनीच्या खोऱ्यात जावं लागलेलं जोडपं मला माहीत आहे. आणि दोघांपैकी एक जण जरी उत्तराखंडचा रहिवासी असेल, तर २७ जानेवारी २०२५ पासून तिथे लागू झालेल्या समान नागरी संहितेनुसार तिथली नोंदणी बंधनकारक आहे.

दुसरी वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची. आम्ही ती घेतली : आधी पुण्यात नोंदणी विवाह, मग डोंगरात विधी. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागतं. नोटीस दिली की ती कार्यालयात लागते आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. तीन साक्षीदार लागतात. थोडक्यात, पळून जाऊन लग्न करणाऱ्यांनी महिनाभर आधी सरकारी भिंतीवर तसं लिहून लावायचं. आमची नोटीस सोसायटीतल्या एका काकांनी वाचली आणि संध्याकाळपर्यंत आत्याला सोलापुरात कळली.

हिवाळ्यात मुहूर्त असतात का?

असतात, पण गाळणीतून गाळून. आपल्याकडे पौषात लग्नं करत नाहीत. उत्तरेत सूर्य धनु राशीत असतो तो महिना टाळतात, तो मकरसंक्रांतीला संपतो. शिवाय आपले महिने अमावास्येला संपतात आणि उत्तर भारतातले पौर्णिमेला, म्हणजे आपला पौष वद्य पक्ष तो त्यांचा माघ. गढवालमध्ये तर महिना संक्रांतीपासूनच मोजतात. आमचे पुण्याचे गुरुजी आणि तिथले पंडितजी फोनवर पंधरा मिनिटं एकाच तारखेला दोन वेगवेगळ्या महिन्यांची नावं देत होते. शेवटी दोघांनाही चालेल असा आपला माघ शुद्ध पक्ष निघाला. गुरू-शुक्राचा अस्तही बघून घ्या.

एक सूचना माझी : गोरज मुहूर्त विसरा. खोल दरीत सूर्य पंचांगातल्या वेळेच्या कितीतरी आधी डोंगराआड जातो, आणि तो गेला की दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. सकाळी दहा ते एकमधलाच मुहूर्त मागा. आमचा ११ वाजून काही मिनिटांचा होता.

बर्फ नक्की मिळेल ना?

नाही. या उंचीवर बर्फ पडतो तो मुख्यतः पश्चिमी चक्रावातांमुळे. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या प्रणाली जानेवारी-फेब्रुवारीत एकामागून एक येतात, पण कधी आठवडाभर एकही येत नाही. हवामान खात्याचा चार-पाच दिवसांचा अंदाज बघता येतो, तीन महिने आधी तारीख धरताना मात्र तो कामाचा नाही. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी अंगण कोरडं ठणठणीत होतं. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. रात्री दोनला आईने उठवलं : "अगं, आवाज बंद झाला बघ." खरंच, नदीचा, कुत्र्यांचा, कशाचाच आवाज नव्हता. खिडकी उघडली तर बर्फ पडत होता. कापूस पिंजावा तसा, वगैरे मी म्हणणार नाही. आई म्हणाली, मीठ सांडल्यासारखं दिसतंय.

पोचायचं कसं? रस्ता बंद पडला तर?

पुण्याहून विमानाने दिल्लीमार्गे देहराडूनचं जॉली ग्रँट, तिथून ऋषिकेश. मग देवप्रयाग, श्रीनगर (हे गढवालचं, काश्मीरचं नव्हे), रुद्रप्रयाग. तिथे अलकनंदा सोडून मंदाकिनीच्या बाजूने अगस्त्यमुनी, गुप्तकाशी, सोनप्रयाग. ऋषिकेशहून सोनप्रयाग दोनशेच्या वर किलोमीटर, पण अंतरावरून वेळ काढू नका, पूर्ण दिवस जातो. सोनप्रयागहून वर त्रियुगीनारायण बारा-तेरा किलोमीटर, आणि खरी परीक्षा तीच.

गाडी स्थानिक चालकाचीच घ्या. पुण्यातून आपली गाडी घेऊन जाण्याचा उत्साह असेल तर त्याला ताम्हिणी घाटात फिरवून आणा. ताजा बर्फ एक वेळ परवडतो. सावलीतल्या वळणावर रात्री गोठलेला पातळ थर दिसतच नाही. आमचे चालक भैजी त्याला 'पाला' म्हणायचे. चाकांना साखळ्या त्यांच्याकडे होत्या. सकाळी नऊच्या आधी ते गाडी काढायलाच तयार नसत, आणि त्यांचं ऐकण्यात शहाणपण होतं.

लग्नाच्या आधी दोन आणि नंतर दोन दिवस मोकळे ठेवा. आमचा परतीचा रस्ता एक दिवस बंद होता. तो दिवस बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीजवळ, बसून भेंड्या खेळण्यात गेला. परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं काढलेलं असतं, तर मधुचंद्राचं पहिलं भांडण तिथेच झालं असतं.

नऊवारीत थंडी वाजली नाही?

सगळ्या बायकांचा पहिला प्रश्न. उत्तर ऐकून कोणी विश्वास ठेवत नाही : नऊवारी ही बर्फासाठीच शिवल्यासारखी आहे. शिवलेली नव्हे, नेसायची. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात, जमिनीवर घोळ लोळत नाही, आणि आत थर्मलच्या दोन विजारी घातल्या तरी बाहेरून कळत नाही. सहावारी नेसलेल्या माझ्या नणंदेच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत ओल्या होऊन कडक झाल्या होत्या, चालताना पत्र्यासारख्या वाजत होत्या. ब्लाउज पूर्ण बाह्यांचा शिवून घेतला, आतून मऊ लोकरीचं अस्तर. वर शाल.

शाल लोकरीचीच घ्या. होमासमोर बसायचं असतं आणि ठिणगी उडते. कृत्रिम धाग्याचं जॅकेट ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं. लोकर आणि रेशीम तसं वितळत नाही. जॅकेटं होम संपल्यावर घाला.

देवळात बूट नाहीत. लोकरी मोजे चालतील का, हे आधी विचारून घ्या. आम्हाला चालले, सप्तपदी आम्ही मोज्यांत घातली. मोज्यांचे तीन जोड न्या, कारण ओला मोजा अनवाणी पायापेक्षा वाईट. जोडवी मोज्याच्या आत घातली आणि बुटात टोचली, तो भाग फोटोत दिसत नाही.

आणि अंगठी! थंडीत बोटं आक्रसतात. साखरपुड्याला घट्ट बसलेली अंगठी मी हात झटकला तशी सटकन निघून बर्फात पडली. शुभ्र बर्फ, तरी दिसेना. चहावाल्या दीदींनी चहाचं गाळणं आणून दिलं, आणि अर्धा तास नवरा बर्फ चाळत बसला. सापडली. आता ती दोऱ्याने गुंडाळून घालते.

लग्नाचं साहित्य तिथे मिळतं का?

होमाचं बरंचसं तिथले पंडितजीच देतात, यादी आधी मागवून घ्या. अंतरपाट, मुंडावळ्या, हिरवा चुडा, काळे मणी, लाह्या, सुपाऱ्या हे आपण न्यायचं. मुंडावळ्या मोत्यांच्याच न्या. फुलांच्या मुंडावळ्या आणि हार पुण्याहून नेले तर वर पोचेपर्यंत काळे पडतात. झेंडू ऋषिकेशला घ्या, वर्तमानपत्रात गुंडाळून खोलीत ठेवा, रात्री गाडीत ठेवू नका. आम्ही गाडीत ठेवले. सकाळी हार उचलला तर पाकळ्या काचेसारख्या.

तुपाचं कोणीच सांगत नाही. तूप थिजतं. थिजलेल्या तुपाची पळीने आहुती देता येत नाही, दगडावर पळी आपटल्यासारखा आवाज होतो. भांडं होमकुंडाच्या कडेला ठेवावं. खोबरेल तेलाची बाटलीही ब्लाउजमध्ये ठेवल्यावरच वितळली. अक्षता कुंकवाने ओल्या करून लगेच पसरू नका, वाळत नाहीत. घरूनच वाळवून न्या.

मेंदी रंगायला ऊब लागते, थंडीत ती फिकी राहते. पुण्यातच काढून, रंगवून जा.

मराठी पद्धतीने लग्न लागलं की पहाडी?

मिसळ झाली. अंतरपाट पाहून पंडितजींना गंमत वाटली, त्यांनी तो स्वतः धरला. मंगलाष्टकं मावशीच्या आवाजात रेकॉर्ड करून आणली होती. दुसऱ्या कडव्याला फोनने थंडीत मान टाकली. मग लक्षात आलं की सहा मराठी माणसांपैकी एकालाही मंगलाष्टक सलग येत नाही, आणि 'शुभमंगल सावधान' मात्र सगळ्यांना येतं. आम्ही तेवढंच पाच वेळा म्हटलं. 'सावधान' ऐकून नारायण ठोसर बोहल्यावरून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला, असं सांगतात. आमच्याकडे पाचदा म्हणूनही नवरदेव जागचा हलला नाही. बाहेर एवढ्या बर्फात जाणार कुठे?

कन्यादान आईने एकटीने केलं. बाबांचे गुडघे त्या थंडीला तयार नव्हते, ते अमरावतीला थांबले. आईने पंडितजींना दबक्या आवाजात विचारलं, एकटीने चालेल ना? ते म्हणाले, "माँ है, और कौन करेगा?" त्यानंतर थोडा वेळ कोणी काही बोललं नाही.

माझ्या भावाला रजा मिळाली नव्हती. मग कानपिळी कोण करणार? विष्णू आहेच इथे पार्वतीचा भाऊ, त्यालाच मान द्या, असं नणंद म्हणाली. पण विष्णूला नवऱ्याचा कान कसा पिळता येणार? शेवटी गाडीचे चालक पुढे आले. दोन दिवस ते मला 'भुली' म्हणत होते, गढवालीत धाकटी बहीण. काय करायचं ते आईने समजावलं. त्यांनी इतक्या मनापासून कान पिळला की फोटोत नवऱ्याचा एक कान लाल आहे, तो थंडीने नव्हे. त्यांना रीतसर टोपी-उपरणं दिलं.

गावातल्या बायका आपणहून आल्या आणि मांगल गायल्या, ही त्यांच्याकडची लग्नातली गाणी. शब्द आम्हाला कळले नाहीत. आई मात्र मान डोलावत होती. नंतर म्हणाली, जात्यावरच्या ओव्यांसारखी चाल आहे.

जेवायला काय होतं?

गहताची डाळ, म्हणजे आपले कुळीथ. मंडुव्याची भाकरी, म्हणजे नाचणी. झंगोऱ्याची खीर, चवीला भगरीच्या जवळची. आणि लग्नाचा पदार्थ अरसा : भिजवून कुटलेले तांदूळ, गुळाचा पाक, तळणं. आईने एक घास घेतला आणि म्हणाली, "हे तर अनारसं. खसखस विसरलेत."

फोटो इतके चांगले कसे आले?

मैत्रीण फोटोग्राफर आहे, हे पहिलं कारण. तिने सांगितलेलं जसंच्या तसं : पांढरा बर्फ पाहून कॅमेरा फसतो, चित्र काळवंडतं, बर्फ राखाडी दिसतो. म्हणून एक्स्पोजर हाताने एक ते दोन पायऱ्या वाढवायचं. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, जास्तीच्या आतल्या खिशात अंगाशी ठेवायच्या. गार कॅमेरा एकदम गरम खोलीत नेला की त्यावर दव धरतं. बाहेरच पिशवीत घट्ट बंद करून मग आत न्यायचा आणि तासभर पिशवी उघडायची नाही.

ड्रोन?

नाही. परवानगीची भानगड, शेजारी केदारनाथ अभयारण्य, आणि भोवती पूजा चाललेली.

उंचीचा त्रास, धोका वगैरे?

विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो, त्रियुगीनारायण त्याच्या खाली. औलीला किंवा गुलमर्गला लग्न ठरवत असाल तर एक दिवस आधी जाऊन अंगाला सवय होऊ द्या. धोका आहे तो फोटोसाठी वाट सोडून उतारावर चढण्यात. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं, आणि फोटोत सगळ्यात देखणे दिसतात ते नेमके हेच उतार. नवीन बर्फ पडून ऊन आलं की त्यांच्या खालीसुद्धा थांबू नका. गावकरी नको म्हणाले तर नको.

खर्च कमी झाला असेल ना?

हॉलपेक्षा कितीतरी कमी, पण स्वस्तात झालं असंही नाही. मोठे आकडे प्रवासाचे, गाडीचे आणि जास्तीच्या चार दिवसांच्या मुक्कामाचे. मुक्कामातच काटकसर करावीशी वाटते, तिथेच करू नका. दक्षिणा आणि मंदिराकडची नोंद आधीच बोलून घ्या, आयत्या वेळी घासाघीस नको.

आणि कचरा. चमकी, कागदी फुलं, थर्माकोल काही नेऊ नका. बर्फावर उधळलेलं बर्फ वितळल्यावर कोणाच्या तरी शेतात राहतं. आम्ही एक गोणी सोबत ठेवली होती, भरली तशी ऋषिकेशपर्यंत खाली आणली.

नातेवाईक रागावले का?

हो. आम्ही परत आल्यावर घरी गोंधळ घातला, देवीचा, आणि जेवणाला सगळ्यांना बोलावलं. काही आले, काही मुद्दाम उशिरा आले. 'वऱ्हाडची मुलगी आणि वऱ्हाड न घेता लग्न?' हा विनोद मला आतापर्यंत अकरा जणांनी, प्रत्येकाने पहिल्यांदाच सुचल्यासारखा, ऐकवलाय.

आत्या तीन महिने बोलली नाही. धुनीच्या राखेची पुडी मी कुरिअरने पाठवली, ती पोचल्याचंही कळवलं नाही. मग मे महिन्यात एक दिवस फोन आला. काकांच्या आणि तिच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत, त्यांना त्या देवळात जाऊन यायचंय, तेही थंडीतच, बर्फ असताना. बाकी काही नको, तिचा एकच प्रश्न होता : आंघोळीला गरम पाणी मिळतं का?

मिळतं. बादलीने, सकाळी सातनंतर, आदल्या रात्री सांगून ठेवलं तर.